उंबऱ्यावर घ्यायचं आडनाव

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तरी तुम्ही ते चुकीचंच वाचाल, आणि मग मला परत एकदा समजावत बसावं लागेल. आयुष्यभर तेच करत आले आहे. मधे एक जोडाक्षर आहे, आणि शेवटी आपला तो ळ. आपण ज्याला भोपाळ म्हणतो त्याला तिथली माणसं भोपाल म्हणतात, यावरून काय ते समजा. पण नुसता हिंदीवाल्यांना तरी का दोष द्यायचा? माझ्या लग्नाच्या पत्रिका नाशकात छापल्या, मराठी छापखान्यात, मराठी माणसानं, आणि त्यानंही घोळ घातलाच. वडील संतापले, पण परत छापायला वेळ नव्हता. त्यामुळे पत्रिकेवर विश्वास ठेवायचा तर माझं लग्न भलत्याच घरात झालेलं आहे.

माझं माहेरचं आडनाव सुटसुटीत होतं. कुणी कधी परत विचारलं नाही. ते मी नाशकात ठेवून आले आणि हे घेतलं.

सासरे भोपाळच्या सरकारी कारखान्यात फोरमन होते, हेही तिथेच लागले होते. टाउनशिपमधलं क्वार्टर, पुढच्या अंगणात पेरूचं झाड, सकाळी भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबे भरायचे. मला सगळं आवडलं. फक्त दारात कुणी आलं की विचारायचं, "ये किसका मकान है?" मी सांगायची. "क्या? फिर से बोलिए." मी परत सांगायची. मग "अच्छा अच्छा" म्हणून मान डोलवायचे आणि हवं ते लिहून न्यायचे. गॅसवाल्यानं आम्हाला गुजराती करून टाकलं. दूधवाल्यानं एका भाजीचं नाव दिलं आणि शेवटपर्यंत त्याच नावानं हाका मारल्या. शाळेतल्या बाईंनी तर आमच्या मुलीच्या नावापुढे ह्यांचं नाव होतं, तेच आडनाव म्हणून लावून टाकलं. का, तर म्हणे ते सोपं जातं.

ह्यांना त्याचं काहीच नव्हतं. कुठल्याही नावाला "जी" म्हणून ओ द्यायचे. अशोका गार्डन भागातल्या एका पेंटरकडून दारावरची पाटी रंगवून आणली, तर त्या बाबानं एक अक्षरच गाळलेलं. मी म्हटलं, "आधी परत नेऊन द्या." हे म्हणाले, "अगं, क्वार्टर नंबर बरोबर आहे ना? मग झालं तर." आणि खिळा ठोकून मोकळे झाले. मी बरीच वर्षं त्या पाटीकडे न बघता घरात शिरत होते.

हे सगळं मी सहन केलं असतं हो. पण मला नणंद होती.

ह्यांच्या पाठची, माझ्याहून थोडी मोठी. तोंडावर मी तिला "वन्सं, तुम्ही" म्हणायची. मनात ती कायम "ती"च होती, तेव्हा इथेही तसंच लिहिते. तिचं लग्न माझ्या आधी झालं, उज्जैनच्या मराठी घरात. नवरा आमच्याच कारखान्यात, आणि टाउनशिपला लागूनच अयोध्या नगरमध्ये त्यांनी स्वतःचं घर बांधलेलं. पण घराचा मला हेवा नव्हता. हेवा होता आडनावाचा. काय आडनाव मिळालं होतं तिला! छोटंसं, गुळगुळीत, सगळ्या माळव्यात माहीत असलेलं. तिनं ते उच्चारायचा अवकाश, की दुकानदार म्हणायचा, "अरे, उज्जैनवाले? बैठिए न भाभीजी." तिला बसायला स्टूल मिळायचं आणि मला "फिर से बोलिए" मिळायचं.

मी नवी होते त्या दिवसांतली गोष्ट. गॅसवाल्याशी माझी झटापट चालली होती आणि ती माहेरी आलेली, ओट्याला टेकून ऐकत होती. तो गेल्यावर खो खो हसली. "सुटले बाई मी! आता तुमची पाळी, वहिनी." थट्टेतच म्हणाली असेल. मला इतकं लागलं की त्या दुपारी तिच्यासाठी मुद्दाम केलेली बासुंदी मी वाटीत वाढली आणि स्वतः घेतलीच नाही. घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, त्याचा आणखी राग आला.

टाउनशिपच्या डिस्पेन्सरीत तर माझी दर वेळी शोभा व्हायची. लांब बाकं, खिडकीमागे कंपाउंडर, तो चिठ्ठी बघून नाव पुकारणार. तिचं नाव तो असं घ्यायचा, जणू पेढा तोंडात घोळवतोय. एकदा नाही, दोनदा घ्यायचा. ती पदर सावरत उठायची, औषध घेऊन बसायची. मग माझी चिठ्ठी यायची. तो ती डोळ्यांजवळ न्यायचा, लांब धरायचा, एकदा ओठ हलवून बघायचा, आणि शेवटी ओरडायचा, "वो महाराष्ट्रवाली बहनजी!" बाकावरच्या सगळ्या मराठी बायका उभ्या राहायच्या. मग कुणाला खोकला, कुणाला जुलाब, याची तिथे जाहीर चौकशी व्हायची. ती बसल्या जागी हसू दाबत असायची. मला दिसायचं ना.

आणि ती रांगोळीची स्पर्धा! लेडीज क्लबनं ठेवली होती. सकाळपासून गुडघे मोडून मी संस्कारभारतीची रांगोळी घातली, आणि पहिला नंबर आला. व्यासपीठावर कुठल्यातरी मोठ्या साहेबांच्या बाई. निवेदन करणाऱ्या भाभींनी चिठ्ठी उघडली, वाचली, घशात अडकलं, आणि म्हणाल्या, "और पहला इनाम... हमारी टाइप थ्री क्वार्टर वाली भाभीजी को!" टाळ्या पडल्या, पण लोक इकडे तिकडे बघत होते, कोण टाइप थ्रीवाली? उत्तेजनार्थ बक्षीस तिला होतं. तिचं नाव, आडनाव, नवऱ्याचं नाव, सगळं कसं खणखणीत. फोटोही तिचा जास्त चांगला आला. रिक्षात बसल्यावर म्हणते कशी, "वहिनी, तुमची रांगोळी खरंच सुरेख होती हं." मी रिक्षाबाहेर बघत राहिले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता माझ्या.

पण वर्षातून एक दिवस असा होता की हेच आडनाव मला भरभरून परत द्यायचं. गौरी यायच्या तो दिवस.

आमच्याकडे पितळी मुखवट्यांच्या गौरी. सगळीकडे असते तशी रीत: तुळशीपासून दारापर्यंत हळदीकुंकवाची पावलं, पुढे कुणीतरी थाळी वाजवतंय, आणि घरची सून मुखवटे घेऊन उंबऱ्यापाशी येते. आतून घरातली थोरली विचारते, "कोण आलं?" सुनेनं म्हणायचं, "गौर आली." "कशाच्या पावलानं?" "सोन्यामोत्याच्या पावलानं." बहुतेक घरांत इथे आत घेतात. आमच्यात आणखी एक प्रश्न आहे. तो सासऱ्यांच्या गावाकडून आलेला, दुसरीकडे कुठे मी ऐकला नाही. "कुणाच्या घरी?" आणि तिथे सुनेनं आडनाव घ्यायचं. मोठ्यानं, एकदाच, न अडखळता. अडखळलं तर चालत नाही. तशी गौर आत येत नाही म्हणतात.

पहिल्या वर्षी सासूबाईंनी माझ्याकडून ते आडनाव तालमीसारखं घोटवून घेतलं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, मधेच विचारायच्या, "कुणाच्या घरी?" मी सांगायची. "अंहं. जीभ टाळ्याला लावा. ळ असा पातळ नाही करायचा." मी मराठी माणसाची मुलगी, पण बाई, त्या जोडाक्षरावर माझी जीभ रोज घसरायची. त्या दिवशी मात्र नीट आलं. अंगणात गल्लीतल्या सगळ्या जमलेल्या: पंजाबी, बंगाली, केरळची, सागर जिल्ह्यातली. मी उंबऱ्यासमोर मुखवटे धरून ते आडनाव घेतलं आणि एकीनंही "फिर से बोलिए" म्हटलं नाही. सगळ्यांनी हात जोडले. "या," म्हणाल्या सासूबाई, "बसा." तेव्हा आत त्यांच्या मागे निरांजनाचं तबक घेऊन माझी नणंद उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला.

माझं लग्न व्हायच्या आधी तिथे ती उभी राहायची. घरात सून नव्हती, म्हणून लेकीकडून करून घ्यायचे. लग्न झाल्यावरही ती खास येऊन ते करायची. मी आले आणि ते संपलं. सून आल्यावर लेकीला कोण विचारतंय? त्या दिवशी मला कळलं की माझ्याकडेही एक गोष्ट आहे जी तिला हवी आहे, आणि ती तिला कुठल्याही दुकानात स्टुलावर बसून मिळणार नाही. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! पुढचं सगळं वर्ष त्या एका दिवसावर काढायची मी. डिस्पेन्सरीत "महाराष्ट्रवाली बहनजी" ऐकलं की मनात म्हणायची, येऊ दे भाद्रपद.

एकदा तिनं विचारलंही. मुखवटे चिंचेनं घासत बसलो होतो, ती हळूच म्हणाली, "वहिनी, दोन मुखवटे आहेत. या वर्षी एक मी घेऊ? मागून येते तुमच्या. बोलणार नाही काही." सासूबाई तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हटलं, "असं कसं, वन्सं? रीत नाही ना तशी." ती "बरं" म्हणाली आणि चिंचेचा कोळ परत लावायला लागली. मला अजूनही वाटतं, मी काही खोटं बोलले नव्हते.

आणि मग सुतकाचं वर्ष आलं. गणपती बसायच्या थोडेच दिवस आधी गावाहून फोन आला, ह्यांचे चुलते गेले. वय झालेलं होतं, कुणी फार रडलं नाही. पण भाऊबंदकी ती भाऊबंदकी. त्या आडनावाच्या सगळ्या घरांना दहा दिवसांचं सुतक, आणि गौरी नेमक्या त्यात येत होत्या. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. लग्न झाल्यापासून त्यांच्या गौरी कधी चुकल्या नव्हत्या. "आता काय करू गं मी," एवढंच म्हणत होत्या.

आमच्याकडे पूजा सांगायला यायचे ते गुरुजी दिवसा कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करायचे आणि संध्याकाळी सायकलवरून पूजा. ते आले, दारातच उभे राहिले, विचार केला आणि म्हणाले, "गौरी चुकवायचं कारण नाही. लेक परगोत्री गेलेली आहे. तिला चुलत्याचं हे सुतक नाही. मुखवटे तिनं येऊन न्यावेत आणि तिच्या घरी गौरी बसवाव्यात."

सासूबाईंचा चेहरा उजळला. माझा नाही. म्हणजे बघा, आडनाव टाकून ती सुटली, दुनियेनं तिला स्टुलावर बसवलं. आणि आता तेच आडनाव नाही म्हणून गौरीही तिलाच! आणि मी, जी ते ओझं रोज दारोदार वाहतेय, ती सुतकी. हिला कुठूनच काही कमी पडू नये का? मी ह्यांच्याकडे गेले तर हे म्हणाले, "चांगलंच झालं की. तुझे कष्ट वाचले." या माणसाला कधी काही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली मुखवटे न्यायला. नवी पैठणी नेसली होती, भर दुपारी. मी कपाटाकडे बोट दाखवलं. मला हात लावता येत नव्हता. तिनं कपाट उघडलं, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले मुखवटे बाहेर काढले आणि छातीशी धरले. "वहिनी, तुम्ही येणार ना?" मी म्हटलं, "आम्ही सुतकी. आमचं काय काम?" म्हणाली, "फाटकाबाहेर उभ्या राहा. आईला घेऊन या." आवाजातला आनंद तिला झाकता येत नव्हता.

गेलो आम्ही. सासूबाई आणि मी, त्यांच्या फाटकाबाहेर, गुलमोहराखाली, परक्यासारख्या. तिच्या घरी गौरी कधीच बसल्या नव्हत्या. त्यांच्या घराण्याच्या उज्जैनला थोरल्या दिरांकडे बसायच्या. त्यामुळे तिची सासू, एरवी गप्प राहणारी बाई, त्या दिवशी नुसती फुलली होती. आमची रीत तिनं लेकरासारखी पाठ केलेली. शेवटचा प्रश्नही. नऊवारी नेसून, हातात तबक घेऊन ती दारात आत उभी होती. तिच्या उंबऱ्यावर, सगळ्या शेजाऱ्यांदेखत, गौरीपुढे तिच्या घराचं नाव घेतलं जाणार होतं. आणि मी फाटकाच्या गजांतून बघत होते. आजवर मी जे जीव टाकून जपलं त्या जागी आता ते गुळगुळीत, सोपं आडनाव बसणार होतं. आमच्या मुखवट्यांना तेही ऐकावं लागणार होतं. हेवा वाटत होता मला, खोटं कशाला सांगू.

थाळी वाजली. नणंद पावलांवरून चालत आली. पदर डोक्यावर, दोन्ही मुखवटे कवेत.

"कोण आलं?" तिच्या सासूनं विचारलं.

"गौर आली."

"कशाच्या पावलानं?"

"सोन्यामोत्याच्या पावलानं."

"कुणाच्या घरी?"

आणि तिनं आमचं आडनाव घेतलं.

तिथलं नाही. आमचं. खणखणीत, जोडाक्षरासकट, तो ळ जिथे टेकायला हवा तिथे टेकवून. ठेच लागली की तोंडातून "आई गं" निघतं ना, तसं ते निघालं. थाळी वाजवणारी थांबली. शेजारणींना काही कळलं नाही, पण आतल्या सगळ्यांना कळलं. तिच्या सासूच्या हातातलं तबक कलंडलं, थोडं कुंकू पायरीवर सांडलं. ती बाई हळूच, जणू सुनेला सांभाळून घेत, म्हणाली, "नीट सांग बाळा. कुणाच्या घरी?"

तिला संधी दिली होती हो. ती गोंधळली. मागे वळून फाटकाकडे बघितलं, आईकडे. मग परत पुढे तोंड करून तिनं तेच आडनाव घेतलं. या वेळी हळू आवाजात.

तिची सासू "या" म्हणाली नाही. "बसा"ही म्हणाली नाही. नुसती बाजूला झाली, आणि गौरी न बोलावता आत गेल्या.

सासूबाई माझं मनगट धरून रडत होत्या. मी नाही रडले. मी जळत होते, आणि आता कशावर जळतेय हेही मला धड सांगता येत नव्हतं. मला वाटलं होतं, मी त्या नावाची मालकीण. घोटून घोटून शिकले, जीभ टाळ्याला लावून. तिला लावावी लागत नव्हती.

आरती झाल्यावर ती फाटकापाशी आली. लांब उभी राहिली, सुतक म्हणून. डोळे सुजलेले. "वहिनी, चुकून आलं तोंडात."

"दोनदा?" मी म्हटलं.

तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. "पहिल्यांदा चुकून. दुसऱ्यांदा ते दुसरं आडनाव आठवेचना मला, खरंच. दरवर्षी तुम्ही म्हणता ना उंबऱ्यावर, तेव्हा मी आत उभी राहून मनातल्या मनात तुमच्याबरोबर म्हणते. तेच आलं." मग घराकडे बघत म्हणाली, "आई जेवणार नाहीत आज. मला माहिती आहे." या आई म्हणजे तिच्या सासूबाई.

परत येताना रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "शेवटी लेक ती माझी."

मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही सून," म्हणाल्या. त्यात काही वाईट बोलायचा हेतू नव्हता. किती वाजले विचारल्यावर सांगावं, तितक्या सरळपणे त्यांनी ते सांगितलं.

तिच्या सासूनं बरेच दिवस तिच्याशी अबोला धरला. गौरी गेल्यावर लगेच ती म्हातारी उज्जैनला थोरल्या लेकाकडे निघून गेली, आणि दिवाळीलाच परत आली. मला वाटलं, चला, आता तरी आमच्या नणंदबाई जरा नरमतील. कसलं काय! थंडीत मला खोकला झाला, डिस्पेन्सरीत गेले, तर ती बाकावर बसलेली. कंपाउंडरनं माझी चिठ्ठी हातात घेतली, ओठ हलवले, आणि "वो महाराष्ट्र..." म्हणणार, तेवढ्यात तिनं बसल्या जागेवरून आमचं आडनाव मोठ्यानं सांगितलं. कंपाउंडर एकदम खूश. "हाँ, हाँ, वही! आइए बहनजी," म्हणाला आणि माझी खोकल्याची बाटली तिच्या हातात दिली. दिवसातून तीन वेळा घ्यायची, जेवणानंतर, हेही तिलाच समजावून सांगितलं. ती हसत बाटली घेऊन माझ्याकडे आली. मी घेतली. आभार मानले नाहीत.

पुढच्या वर्षी गौरी आमच्याकडे परत आल्या. हे सगळं ऐकल्यावर लोक मला नेहमी म्हणतात, मग त्या वर्षी तुम्ही एक मुखवटा नणंदेला दिला असेल ना? नाही दिला. का द्यावा? तिनं मागितलाही नाही. मी दोन्ही मुखवटे स्वतः घासले, स्वतः सजवले. आदल्या दिवशी, घरात कुणी नसताना, आरशासमोर उभी राहून आडनाव म्हणूनही पाहिलं, तिच्यासारखं येतं का ते. नाही आलं. चांगलं आलं, पण तिच्यासारखं नाही.

दिवस उजाडला. तीच सगळी गल्ली अंगणात. ती आली होती, साधी सुती साडी नेसून, आणि बरोबर तिची सासूही, हे मला अपेक्षित नव्हतं. दोघी आत जाऊन सासूबाईंच्या मागे उभ्या राहिल्या. मी तुळशीपासून निघाले, पावलं तुडवली जाऊ नयेत म्हणून खाली बघत. उंबऱ्याशी थांबले. मुखवटे जड असतात, हात भरून येतात.

"कोण आलं?"

"गौर आली."

"कशाच्या पावलानं?"

"सोन्यामोत्याच्या पावलानं."

"कुणाच्या घरी?" सासूबाईंनी विचारलं.

मी श्वास घेतला. जीभ टाळ्याकडे नेली. आणि मी तोंड उघडायच्या आत घरातून आडनाव ऐकू आलं, तिच्या आवाजात, मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. मीही म्हटलं. म्हटलं मी, तिच्या मागोमाग, स्पष्ट म्हटलं, अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं. पण सासूबाई तोवर "या, बसा" म्हणून मोकळ्याही झाल्या होत्या.